दप्तराआधी देहाची सिद्धता

(नव्या शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर झालेल्या पालक मेळाव्यात एका बालरोगतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



रोहिणी नक्षत्र लागले की आपल्याकडचा शेतकरी एक काम न चुकता करतो. घरात राखून ठेवलेल्या बियाण्यातील शंभर दाणे मोजून घेतो, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो आणि काही दिवसांनी त्यातले किती उगवले ते मोजतो. मृगाचा पाऊस पडल्यावर, पेरणी झाल्यावर बियाण्यातला दोष कळून काही उपयोग नसतो, हे त्याला पिढ्यान्पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. जून महिन्यात आपणही एक पेरणी करीत असतो. वह्या, पुस्तके, गणवेश, रेनकोट, शिकवणीचे शुल्क यांची जुळवाजुळव एप्रिलपासून सुरू होते. परंतु ज्या देहाच्या आधारावर ही सारी विद्या उभी राहावयाची, त्या देहाची परीक्षा किती घरांत होते? आज मला याच विषयावर आपल्याशी बोलावयाचे आहे.

मुले वर्षभर आजारी पडतात, ती बरीही होतात. त्याची चिंता पालक करतातच. माझी चिंता थोडी निराळी आहे. आजार म्हणून जे दिसतच नाही, परंतु मुलाच्या प्रगतिपुस्तकावर मात्र उमटते, असे बरेच काही असते. मग त्या मुलाला आपण ‘आळशी’, ‘धांदरट’, ‘अभ्यासात लक्ष नसलेला’ अशी विशेषणे लावतो. मुलाच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वी त्याचे डोळे, कान, रक्त आणि झोप तपासली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक पालकाने आणि प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारला पाहिजे. निदान न करता दिलेला दोष हा बालमनावरील अन्याय असतो आणि त्याची खूण पुष्कळ वर्षे पुसली जात नाही.

पाहणे आणि ऐकणे

प्रथम डोळ्यांविषयी. लहान मुलाला कमी दिसत असेल तर ते आपणहून सांगेल, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः स्पष्ट दिसणे म्हणजे काय, हेच त्याला माहीत नसते. जग असेच धूसर असते, अशी त्याची समजूत असते. फळ्यावरचे उतरवून घेताना चुका करणारा, शेजारच्याच्या वहीत डोकावणारा, डोळे बारीक करून दूरदर्शनच्या अगदी जवळ बसणारा मुलगा खोडकर असेलच असे नाही. त्याला चष्मा हवा असेल. एकाच डोळ्याचा दोष तर आणखी फसवा. चांगला डोळा सगळे काम उरकतो आणि घरात कुणाला शंकाही येत नाही. उपयोगात नसलेला डोळा मग हळूहळू आळसावतो. वयाच्या सात-आठ वर्षांपर्यंत त्यावरचा उपचार उत्तम लागू पडतो, पुढे तो कठीण होत जातो. म्हणून आज घरी गेल्यावर एवढेच करा. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे आकडे मुलाला दहा-बारा फुटांवरून, एकेक डोळा तळहाताने झाकून वाचावयास सांगा. दोन डोळ्यांत फरक जाणवला तर नेत्रतज्ज्ञाकडे जा. आणि फरक जाणवला नाही तरी शाळेत प्रवेश घेताना एकदा शास्त्रशुद्ध तपासणी करून घ्याच.

जवळचे दिसते, दूरचे दिसत नाही, हा दोष शहरी मुलांत वाढतो आहे. तैवानसारख्या देशाने २०१० पासून शाळकरी मुलांनी दिवसातून १२० मिनिटे घराबाहेर, उजेडात घालवावीत असा कार्यक्रम हाती घेतला आणि तेथे दृष्टिदोषाच्या वाढीला आळा बसल्याचे दिसून आले. उघड्या मैदानावरचा प्रकाश हे औषध आपल्याकडे विनामूल्य आणि विपुल आहे. भ्रमणध्वनीच्या पडद्यापासून मुलाला उठवून मैदानावर पाठवणे, ही त्याच्या डोळ्यांची सेवाच आहे.

कानांचेही तसेच. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते. कान दुखत नाही, वाहत नाही, केवळ ऐकू थोडे कमी येते. हाक मारल्यावर ‘ओ’ न देणारे मूल उद्धट वाटू लागते. जे मूल झोपेत घोरते, तोंड उघडे ठेवून श्वास घेते आणि वर्गात पेंगते, त्याच्या नाकामागील ग्रंथी वाढलेल्या असण्याचा संभव असतो. अशा मुलाला कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

दातांबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती बहुतेक पालकांना ठाऊक नसते. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या सर्व दातांच्या मागे, एक मोठी दाढ येते. ती कोणताही दात न पडता येते, म्हणून आपण तिलाही दुधाची समजतो आणि ‘किडली तर किडू दे, पडणारच आहे’ असे म्हणून सोडून देतो. ती दाढ कायमची असते, आयुष्यभराची. पहिलीत जाणाऱ्या मुलाच्या तोंडात मागे डोकावून ती दाढ पाहा आणि रात्री झोपण्यापूर्वी दात घासण्याची सवय लावा.

रक्तातली उणीव

आता रक्ताविषयी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभरांपैकी ६७ बालकांत रक्तक्षय आढळला. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींत हे प्रमाण शंभरात ५९ होते. हा केवळ गरिबांचा प्रश्न आहे, असे कृपया समजू नका. दूध-बिस्किटावर वाढणारी, भाजी ताटाबाहेर काढून ठेवणारी, जेवणासोबत चहा पिणारी मध्यमवर्गीय मुलेही त्यात आहेत. लोह कमी पडले की मूल फिकट दिसण्याच्या कितीतरी आधी त्याचे लक्ष विचलित होऊ लागते, ते चटकन थकते, चिडचिडे होते. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन साडेअकराच्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजावा.

यावर शासनाची योजना आहे. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एक गुलाबी गोळी आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना एक निळी गोळी शाळांतून दिली जाते. वर्षातून दोनदा जंतनाशक गोळीही मिळते. राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा हा उपक्रम २०१५ साली सुरू झाला. पोटातील जंत खाल्लेल्या अन्नाचा आणि रक्ताचा वाटा घेत असतात, म्हणून दोन्ही गोळ्या एकमेकींना पूरक आहेत. तथापि अनेक सुशिक्षित पालक ‘आमच्या मुलाला नको’ अशी चिठ्ठी देतात. लोहाची गोळी जेवणानंतर घेतली तर मळमळ सहसा होत नाही. शौचाचा रंग काळा होतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. चिठ्ठी लिहिण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना एकदा विचारावे.

लसीकरणाचे पत्रकही कपाटातून बाहेर काढा. दीड-दोन वर्षांनंतर ते पत्रक बहुधा कुणी उघडत नाही. घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरील त्रिगुणी लसीची दुसरी वर्धक मात्रा पाच ते सहा वर्षांच्या दरम्यान द्यावयाची असते, म्हणजे नेमकी शाळेच्या उंबरठ्यावर. पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस असते. गोवर-रुबेलाच्या दोन्ही मात्रा पूर्ण झाल्या आहेत ना, तेही पाहा. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराची साथ आली आणि त्यात बालके दगावली. लसीकरणात खंड पडला की जुने वैरी पुन्हा दार ठोठावतात.

दिनचर्या : सुट्टीकडून शाळेकडे

आपल्या आयुर्वेदाने दिनचर्या आणि ऋतुचर्या यांना मोठे महत्त्व दिले आहे. वर्षा ऋतूत अग्नी मंद होतो, म्हणून हलके, ताजे, गरम अन्न घ्यावे, असा त्याचा सांगावा आहे. शाळाही नेमकी याच ऋतूत सुरू होते. सुट्टीत रात्री बारापर्यंत जागणारे मूल शाळेच्या पहिल्या दिवशी पहाटे सहाला उठवले तर महिनाभर ते वर्गात अर्धवट झोपेतच असते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी, असे झोपेचे तज्ज्ञ सांगतात. सहाला उठावयाचे तर नऊला अंथरुणावर पाठ टेकली पाहिजे, हे साधे गणित आहे. मुलांची झोप अपुरी होते या कारणास्तवच महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. परंतु शाळा उशिरा भरते म्हणून घरातील दिवाही उशिराच मालवला, तर त्या निर्णयाचा लाभ शून्य. शाळा सुरू होण्यापूर्वी पंधरा दिवस, दर दोन दिवसांनी झोपेची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणा. शेवटच्या तासात कोणताही पडदा नको, आणि हा नियम आई-वडिलांनाही लागू! मुले आपले ऐकत नाहीत, आपल्याकडे पाहतात.

डब्याच्या बाबतीत आपल्या आजीचे स्वयंपाकघर अत्यंत आधुनिक होते. भाजणीचे थालीपीठ, मुगाचे धिरडे, मोड आलेल्या मटकीची लिंबू पिळलेली उसळ, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, नाचणीची भाकरी, हिवाळ्यात अळिवाचा लाडू. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. लिंबातील ‘क’ जीवनसत्त्व उसळीतील लोह अंगी लावते, तर चहा तेच लोह अडवतो. ज्यांच्या घरी अंडे चालते त्यांनी ते अवश्य द्यावे. रिकाम्या पोटी मुलाला शाळेत पाठवू नये. निदान एक केळे आणि कपभर दूध तरी पोटात जावे. शाळेच्या आवारात आणि त्यापासून पन्नास मीटरच्या परिसरात अति मेद, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आपल्या शाळेच्या दारात काय विकले जाते, हे पालकसभेने एकदा पाहावे.

व्यायाम हा तर आपल्या परंपरेचा भाग आहे. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेऊन तो आपल्या संस्थानातील शाळांत रुजवला. जागतिक आरोग्य संघटना आज पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज किमान साठ मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी असे सांगते. सकाळी बारा सूर्यनमस्कार आणि सायंकाळी तासभर मैदान, एवढ्यात ते सहज साधते. खो-खो, लंगडी, कबड्डी यांना भांडवल लागत नाही, फक्त सवंगडी लागतात.

आणि दप्तर? २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दप्तराचे ओझे मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. म्हणजे वीस किलोच्या मुलाच्या पाठीवर दोन किलो. एकदा काट्यावर दप्तर ठेवून पाहा. रिकामे दप्तरच किलोभराचे, त्यात पाण्याची मोठी बाटली आणि वेळापत्रकात नसलेली चार पुस्तके, असे आढळेल. दोन्ही खांद्यांवर रुंद पट्टे असावेत आणि दप्तर कमरेखाली लोंबू नये.

जे बोलले जात नाही

आता एका अशा विषयाकडे वळतो, ज्याविषयी सभेत बोलण्याचा आपल्याकडे प्रघात नाही. अनेक मुले, विशेषतः मुली, शाळेत दिवसभर पाणीच पीत नाहीत. भरून नेलेली बाटली तशीच परत येते. कारण एकच : स्वच्छतागृह अस्वच्छ असते, कडी लागत नाही, पाणी नसते किंवा तासाला बाई जाऊ देत नाहीत. याचे पर्यवसान मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गात, बद्धकोष्ठात, पोटदुखीत आणि डोकेदुखीत होते. बालहक्क शिक्षण कायद्याने २००९ साली मुलगे आणि मुली यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरवली आहेत. केरळातील शाळांनी २०१९ मध्ये मुलांना पाणी पिण्याची आठवण देणारी घंटा सुरू केली. ती कल्पना आपल्या शाळांनाही सहज स्वीकारता येईल. स्नेहसंमेलनाच्या मंडपाला वर्गणी काढणाऱ्या पालकांनी एक वर्ष स्वच्छतागृहाच्या कड्या, नळ आणि झाडूवाल्या मावशींचे मानधन यांसाठी वर्गणी काढून पाहावी.

मातांना आणखी एक विनंती. मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की मासिक पाळीविषयी तिच्याशी शांतपणे बोला. जे आईकडून कळले तर आधार वाटतो, तेच शाळेत अचानक समोर आले तर भय वाटते. दप्तराच्या आतल्या कप्प्यात आवश्यक ते साहित्य ठेवून द्या.

याहून गंभीर गोष्ट म्हणजे आजार लपवणे. मुलाला फिट येते, दमा आहे, लहानपणीचा मधुमेह आहे, हे पालक शाळेला सांगत नाहीत. मुलीच्या बाबतीत तर ‘उद्या लग्नात अडचण येईल’ ही भीती आठव्या वर्षापासून! याचा परिणाम काय होतो? वर्गात फिट आली की कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल नाकाशी धरतो, कुणी दातांत चमचा घालतो. यातले काहीही करावयाचे नसते. मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये आणि पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर रुग्णालयात न्यावे, एवढे शिक्षकांना आधी सांगितलेले असेल तर जीव वाचतो. मधुमेही मुलाला घाम फुटून थरथर सुटली, तर त्याला तत्काळ साखर द्यावी लागते. दम्याच्या मुलाचा श्वासपंप दप्तरात असावा लागतो. ‘पंपाची सवय लागते’ हा निव्वळ गैरसमज आहे. आजाराचे नाव, औषध, घरचा आणि डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून तो पहिल्याच दिवशी वर्गशिक्षकांच्या हाती द्या. लपवलेल्या आजाराची किंमत मूल मोजते.

पावसाळ्यातील सावधता

जून-जुलैत सर्दी, ताप, जुलाब येणारच. जुलाब झाले की जलसंजीवनी द्यावी. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसे पटापट मरत असताना डॉ. दिलीप महालनोबीस यांनी शिरेतून द्यावयाचे द्रव संपल्यावर मीठ-साखरेचे हे द्रावण तोंडाने पाजले आणि हजारो जीव वाचवले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. एका भारतीय डॉक्टरने सिद्ध करून दाखवलेला हा उपाय आपण मात्र विसरतो आणि रंगीत खोक्यातली गोड पेये आणतो. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि चोवीस तासांत संपवावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरे.

खोकल्याचे औषध आपल्या मनाने देऊ नका. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात विषारी द्रव्य मिसळलेल्या अशा औषधाने बालकांचे प्राण घेतले. साधा खोकला आपोआप बरा होतो. लहानग्यांना गरम पाणी, पेज आणि विश्रांती पुरते. उरलेले प्रतिजैविक शेजारच्या मुलाला देणे, हा शेजारधर्म नव्हे. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असते म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन परस्पर देऊ नये. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो, म्हणजे मुले शाळेत असतानाच. पूर्ण बाह्यांचा गणवेश ही त्यावरची सोपी ढाल आहे. आणि ताप असलेल्या, डोळे आलेल्या मुलाला ‘हजेरी बुडेल’ म्हणून शाळेत पाठवू नका. जुलै २०२३ मध्ये आळंदी परिसरात डोळ्यांची साथ शाळकरी मुलांत किती झपाट्याने पसरली, ते आपण पाहिले आहे. शंभर टक्के उपस्थितीचे पारितोषिक देणाऱ्या शाळांनीही याचा विचार करावा.

आपल्या पलीकडचे मूल

येथे बसलेल्यांपैकी अनेक जण सेवावस्त्यांत काम करतात, म्हणून शेवटी एक अपेक्षा व्यक्त करतो. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांच्या विनामूल्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यातील पथके अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत येऊन तपासतात. हृदयाच्या दोषापासून दृष्टिदोषापर्यंत पुढील उपचारांचीही सोय होते. परंतु पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर असेल, किंवा हाती दिलेल्या चिठ्ठीचा अर्थ आईला कळला नसेल, तर सारे तेथेच थांबते. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या ताईंच्या मुलाची ती चिठ्ठी वाचून दाखवणे आणि एक दिवस सोबत रुग्णालयात जाणे, याला ना पैसा लागतो, ना पद.

आज रात्री घरी गेल्यावर तीन गोष्टी करा. मुलाची उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवा आणि शेजारी तारीख लिहा. शाळकरी वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढावयास हवी, चारांहून कमी वाढली तर डॉक्टरांना दाखवा. दिनदर्शिका पुढे करून एकेक डोळ्याने वाचावयास सांगा. आणि लसीकरणाचे पत्रक शोधून दप्तराशेजारी ठेवा. या सर्वांस अर्धा तास पुरेल. शाळा सुरू होण्यास अद्याप पंधरा दिवस आहेत; काही उणे आढळले तर दुरुस्तीला तेवढा अवधी पुरेसा आहे.

 आता आपले प्रश्न घेऊ या.